अंगाईला अडवणारा दरवान

४ तारीख, सोमवार

मामाने ही वही दिली तेव्हा खिडकीबाहेरच्या झाडाला कोवळी पानं फुटत होती. आता ती पानं तळहाताएवढी झालीत, धूळ खातायत, आणि वहीत अजून एक ओळ नाही. अगदीच कोरी आहे असंही नाही. पहिल्या पानावर मी मांजर काढली. मिशा जास्त झाल्या म्हणून तिचा झाडू केला. दुसऱ्या पानाचा कोपरा च्युइंगम गुंडाळायला गेला. रोज ठरवते लिहायचं आणि रोज काहीतरी आडवं येतं. काल गोगलगाय आली होती. गोगलगाय काचेवर चढताना खालून बघितलीय का कुणी? पोटावरून लाटा जातात. त्यातच दुपार गेली.

मामाचं म्हणणं साधं होतं. "भटकभवानी, कुठली वायर कुठे खोचलीस तेवढं रोज लिहून ठेव. उपटताना रडायची वेळ येणार नाही."

शाळा मी अर्ध्यातच सोडली, नाहीतर शाळेनेच मला सोडलं, आईचं आणि माझं यावर एकमत नाही. मग बेकरी झाली, फोटोवाल्याकडे झालं, रोपवाटिका झाली. सगळीकडे पहिले दिवस मजेत जातात, मग मला शेजारच्या दुकानात काय चाललंय ते बघावंसं वाटतं. शेवटी आईने मला तिच्या भावाच्या गळ्यात बांधलं. मामाचा स्टुडिओ तळघरात आहे. दोन खोल्या, मधे जाड काच. एका खोलीत गायचं, दुसरीत ऐकायचं. डोक्यावर शिवणकामाचा कारखाना, तिथली यंत्रं दिवसभर घरघरत असतात.

आज लिहायला बसले कारण उद्या मामा एका नाटक मंडळीबरोबर दौऱ्यावर निघतोय आणि बाईंचं काम माझ्या अंगावर टाकून जातोय. बाई म्हणजे शाळेत गाणं शिकवायच्या त्या. मामाच्याही बाई. मागे त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि पुढे कित्येक महिने त्यांचा आवाजच गेला होता. आता डॉक्टरांनी हळू आवाजात गायला परवानगी दिलीय, म्हणून त्या अंगाया रेकॉर्ड करणार आहेत. अंगाया हळूच गायच्या असतात ना.

"पण खरं कारण ते नाही," मामा बॅग भरताना म्हणाला. "आवाज उरलाय की नाही, ते त्यांना बघायचंय. उरला नसेल तर परत कधी तोंड उघडणार नाहीत, ओळखतो मी त्यांना. तेव्हा सांभाळून."

"मी काय करू सांभाळून?"

"काही करू नकोस. तुझ्यासाठी तेच अवघड आहे."

५ तारीख, मंगळवार

मामा गेला. मी लगेच कपाटातला काळा डबा काढला, ज्याला तो दरवान म्हणतो. पुढे दोन गोल बटणं आणि दोन दिवे, हिरवा आणि लाल. बस.

हा कसा चालतो ते मी स्वतः शोधून काढलं, म्हणून लिहून ठेवते. माइकमधून आलेला आवाज याच्यातून जातो. आवाज पुरेसा मोठा असला की हिरवा दिवा, दार उघडं, या आत. आवाज कमी पडला की लाल, दार बंद. किती मोठा म्हणजे पुरेसा, ते पहिल्या बटणावर ठरतं. दार किती झटकन आपटायचं, ते दुसऱ्यावर. म्हणजे कुणी गात असेल तर गाणं येतं, थांबलं की वरच्या यंत्रांची घरघर आत शिरायच्या आधी दार बंद. गाताना घरघर असतेच, पण गाण्याखाली दबून जाते.

मी माइकसमोर टाळ्या वाजवल्या, चमचा पाडला, शिंकले. शिंक आली. शिंकेआधीचा तो 'आ... आ...' नाही आला! म्हणजे ऐकणाऱ्याला मी अचानक फुटल्यासारखी वाटणार. मी हसून हसून बेजार. हसण्याचासुद्धा सुरुवातीचा भाग गेला.

मग वर यंत्रं बघायला गेले. बॉबिनमध्ये दोरा कसा भरतात ते एका बाईने दाखवलं. "अंगाया रेकॉर्ड करायच्यात, दुपारी जरा यंत्रं थांबवाल का?" असं मुकादमीणबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "आमच्याकडे कुणी झोपलेलं नाही." तेही खरंच.

संध्याकाळी मामाचा फोन. मी दरवान काढला म्हटल्यावर त्याने आधी बजावलं.

"रेकॉर्डिंगच्या वाटेत लावू नकोस हं. मूळ आवाज जसाच्या तसा साठवायचा. दरवान नंतर, ऐकायच्या वाटेवर. मग चूक झाली तरी मूळ शाबूत राहतं."

"माहितीय रे."

माहीत नव्हतं. पण आता आहे.

७ तारीख, गुरुवार

बाई आल्या. बारीक, ताठ, गळ्याला फिका स्कार्फ. बरोबर त्यांची धाकटी बहीण, हातात विणकाम. ती बाईंसोबत माइकच्या खोलीतच बसणार म्हणाली. मी तिला मावशी म्हणते.

"सुयांचा आवाज येईल," मी म्हटलं.

"हिच्या गाण्यापुढे माझ्या सुया बेसूर नाहीत वाजणार," मावशी म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्यासुद्धा.

बाई हसल्या. "लहानपणापासून असंच. मी गायला बसले की हिला उलटे टाके सुचतात."

मग बाईंनी एक विचित्र गोष्ट सांगितली. ऑपरेशननंतर त्या घरात सगळ्यांशी बोलायच्या, आणि कुणी उत्तरच द्यायचं नाही. त्यांना वाटायचं, सगळे रागावलेत. प्रत्यक्षात त्यांच्या तोंडून नुसती हवा निघत होती. "आत मला माझा आवाज स्वच्छ ऐकू यायचा गं. बाहेर काहीच नाही. तेव्हापासून आतल्या कानावर माझा विश्वास नाही. तू मला हेडफोनमध्ये तेच ऐकव जे तुला तिकडे ऐकू येतं. जसंच्या तसं. गोड करून नको."

मी म्हटलं, शब्द. आणि शब्द पाळला. दरवान ऐकायच्या वाटेवर, माझ्या स्पीकरला आणि त्यांच्या हेडफोनला, दोन्हीकडे एकच.

काय काम करतो तो डबा! सुया गायब, घरघर गायब, मावशींचा खोकला गायब. बाई गायला लागल्या की हिरवा, थांबल्या की लाल. इतका अचूक की मी गाण्यापेक्षा दिव्यांकडेच जास्त बघत होते. प्रत्येक ओळ जणू कात्रीने कापून काढलेली.

बाईंनी तीन अंगाया गायल्या. त्यांनीच रचलेल्या. एक मला फार आवडली, 'पापणीच्या काठाला होडी लागली' अशी काहीतरी. मला अंगाईतलं काही कळत नाही, आईने मला थोपटून झोपवलं असेल तर मला आठवत नाही, पण त्या ओळीला मला जांभई आली. म्हणजे चांगलीच असणार.

एक गंमत. ओळ संपली, दिवा लाल झाला, तरी बाईंचे ओठ बराच वेळ हलत असतात. सवय असावी. माझी रोपवाटिकेतली मालकीणही रोपांशी पुटपुटायची.

तिसऱ्या अंगाईनंतर बाईंनी काचेतून माझ्याकडे बघितलं. "संपतंय का गं मधेच?"

मी अंगठा वर केला. "मस्त! एकदम स्वच्छ!"

त्यांनी मान हलवली आणि पाणी प्यायल्या. इतकं पाणी कोण पितं?

८ तारीख, शुक्रवार

आज काहीतरी बिनसलं आणि काय ते मला कळत नाहीये.

बाई पहिल्या ओळीपासूनच जोर लावून गात होत्या. कालचा तो जांभईचा गोडवा गेला. गळ्याच्या शिरा काचेपलीकडून दिसत होत्या. होडीची अंगाई पुन्हा घेतली, शेवटची ओळ आली, दिवा लाल, ओठ हलतायत, आणि त्यांनी मधेच हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"काय झालं बाई?"

"काही नाही. गळा सांगतोय, बस."

मावशी सुया थांबवून म्हणाल्या, "अगं, पूर्ण गायलीस की! मला शेवटपर्यंत ऐकू आलं. छान गायलीस."

बाईंनी बहिणीकडे असं बघितलं की मला काचेच्या अलीकडे थंडी वाजली.

"तू," बाई म्हणाल्या, "मला जन्मात कधी छान म्हणाली नाहीस. आज म्हणतेस. म्हणजे किती वाईट झालं असेल ते समजलं."

मावशींनी सुया आवरल्या. मग लोकर गोळा केली आणि दोघी गेल्या. जाताना बाईंनी माझ्या गालावर हात ठेवला. "तुझं काम चोख आहे हं पोरी. यंत्राने खरं सांगितलं."

मला आनंद व्हायला हवा होता. कुणी तरी पहिल्यांदाच माझं काम चोख म्हटलं. पण आनंद होत नाहीये.

११ तारीख, सोमवार

मावशी एकट्याच आल्या, शुक्रवारी राहिलेला लोकरीचा गुंडा न्यायला. तोच निळा गुंडा ज्याला मी दोन दिवस पायाने टोलवत होते.

बसा म्हटलं तर बसल्या नाहीत, पण उभ्याने सगळं सांगितलं. बाई शनिवारी डॉक्टरांकडे गेल्या. गाताना आवाज मधेच नाहीसा होतो, असं स्वतःच सांगितलं. डॉक्टरांना गळ्यात तसं काही दिसलं नाही, पण आवाज मधेच जातो म्हटल्यावर नुसतं वरून बघून भागणार नाही, भूल देऊन आत बघावं लागेल आणि लागलंच तर तिथल्या तिथे पुन्हा कापावं लागेल, असं ठरलंय. मंगळवार, १९ तारीख. तोवर बाईंनी चकार शब्द काढायचा नाही.

"पुन्हा कापलं तर?"

"मागच्या वेळी थोडक्यात वाचला होता आवाज. या वेळी काय उरेल सांगता येत नाही, असं स्पष्ट म्हणालेत." मावशींनी गुंडा पिशवीत कोंबला. "आणि मला एक कळत नाही. मी हातभर अंतरावर बसले होते. मला तर शेवटपर्यंत ऐकू आलं. माझे कान गेलेत की तिचं डोकं गेलंय?"

मी म्हटलं, "यंत्र चुकत नाही मावशी."

हे मी असं बोलले, जसं काही यंत्र माझ्या माहेरचं आहे.

१३ तारीख, बुधवार, दुपार

उभ्याउभ्या लिहितेय. अक्षर असंच येणार.

चहा करायचा होता. किटलीसाठी प्लग रिकामा नव्हता, म्हणून दरवानाचा प्लग काढला आणि किटली लावली. पाणी उकळेपर्यंत बाईंची होडी ऐकावी म्हणून सुरू केली. दरवानाची वीज गेली की तो झोपतो आणि दार सताड उघडं राहतं, हे मला माहीत नव्हतं.

आधी घरघर आली. मग सुया. मी वैतागून उठणार, तेवढ्यात ओळीचा शेवट आला. तो शेवट संपला नाही. जिथे रोज लाल दिवा लागायचा तिथून बाईंचा आवाज पुढे निघाला. बारीक होत, आणखी बारीक होत, जसं कुणी बाळाला पाळण्यात ठेवून एकेक पाऊल मागे घेत दारापर्यंत जातं तसा. इतका हळू की घरघरीच्या आत शिरला, तरी तिथेही होता. मग किटलीने शिट्टी मारली आणि मी खुर्चीवरून पडले.

मी किटली काढली, दरवान लावला, पुन्हा ऐकलं. काप. दरवान काढला. पूर्ण. लावला. काप.

त्यांचे ओठ हलत होते कारण त्या गात होत्या.

अंगाई शेवटी हळू होत जाते म्हणूनच अंगाई असते ना, आणि मी दाराशी असा माणूस बसवला जो हळू आवाजाला हाकलून देतो! वर तो आवाज त्यांच्या कानात घातला. त्या मला म्हणाल्या होत्या जसंच्या तसं ऐकव. आणि मी... 'मस्त! एकदम स्वच्छ!'

निघाले.

१३ तारीख, पुन्हा, संध्याकाळ

बाईंच्या घरी जाऊन आले. काहीच झालं नाही. उलट वाईट झालं.

बाई खुर्चीत बसलेल्या, बोलायची बंदी म्हणून मोबाइलवर टाइप करतात आणि मावशी मोठ्याने वाचतात, मधे स्वतःचं घालून. मी धापा टाकत सगळं सांगितलं. मूळ रेकॉर्डिंग फोनमध्ये आणलं होतं, ते वाजवलं. बाईंनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. मला वाटलं, सुटले.

त्यांनी टाइप केलं. मावशींनी वाचलं, "'तुझ्या मामाने एकदा माझ्या देखत एका बेसूर मुलीचा सूर मशीनमध्ये सरळ केला होता. तुटलेला शेवट जोडायला त्याला किती वेळ लागणार?' बघा, हिचं असंच. डोकं चालतं, पण नको तिकडे."

"मामा इथे नाहीये बाई! आणि मला जोडता येत नाही, मला काहीच येत नाही!"

बाईंनी माझा हात थोपटला. टाइप केलं.

"'तुला माझी दया येते आहे. चांगली मुलगी आहेस.'" मावशींनी मोबाइल टेबलावर आपटला. "दया! या पोरीला? हिने माझा गुंडा फुटबॉल केला होता, घाण लागलीय त्याला!"

म्हणजे मला कळलं ते असं. त्यांच्या बहिणीने खरं सांगितलं तरी दया, मी सांगितलं तरी दया, आणि यंत्राने खोटं सांगितलं ते मात्र खरं. कारण यंत्राला दया येत नाही.

मामाला फोन लावला. तो कुठल्या तरी नाट्यगृहात वायरींच्या ढिगाखाली होता. सगळं ऐकून नुसतं 'हं' म्हणाला.

"ओरड ना मामा."

"ओरडून काय होणार? मला हे सांग, त्यांचा कुणावर विश्वास नाही, बरोबर? मग कुणाचं ऐकून पटेल असं शोधू नकोस. त्यांना स्वतःला काय दिसेल ते शोध."

आणि त्याला कुणीतरी हाक मारली. ही काय बोलायची पद्धत आहे?

१५ तारीख, शुक्रवार

काल दिवसभर विचार केला. मधे थोडा वेळ वर बॉबिन भरल्या, पण विचार चालूच होता.

आज सकाळी दरवान टॉवेलमध्ये गुंडाळला, माइक, आवाज मिसळायचं छोटं मिक्सर, हेडफोन, वायरी सगळं पाठीवरच्या पिशवीत कोंबलं आणि बसने निघाले. बसमध्ये शेजारच्या आजोबांनी विचारलं, काय आहे एवढं जड. मी म्हटलं, दरवान. ते थोडे सरकून बसले.

मावशींनी दार उघडलं. "आता काय, अख्खा स्टुडिओ आणलास?"

"हो."

जेवणाच्या टेबलावर मांडामांड केली. बटणं अगदी त्या दिवशी होती तशीच ठेवली. बाई लांबून बघत होत्या. मी हेडफोन पुढे केले तर मान हलवली, गळ्याला हात लावला. बंदी.

"तुम्ही गायचं नाहीये बाई. नुसतं ऐकायचं." आणि माइक मावशींच्या तोंडासमोर आणला. "तुम्ही गा."

"मी?" मावशी दोन पावलं मागे. "वेड लागलंय का? या घरात एक गाणारी आहे ती पुरे झाली."

"होडीची अंगाई. तुम्हाला येते."

"मला कशाला येईल?"

"मग मागच्या शुक्रवारी बाई ती गाताना सुयांचा ठेका कुणाचा चालला होता? रेकॉर्ड झालाय तो."

मावशी लाल झाल्या. बाई बहिणीकडे टक लावून बघायला लागल्या, जसं टेबलाखालून कुणी अनोळखी माणूस बाहेर आला. त्यांनी सावकाश हेडफोन डोक्यावर चढवले.

मावशींनी घसा खाकरला. पदर नीट केला, माइकला तो दिसणार असल्यासारखा. आणि गायल्या. आवाज जाडा, खालचा, पण सूर पक्का. मला आश्चर्य वाटलं, बाईंना माझ्याहून जास्त. ओळ उतरत गेली, मावशीही उतरत गेल्या, बाळ झोपल्यासारख्या, आणि डब्यावर लाल दिवा लागला.

बाईंचा चेहरा पडला. बहिणीचाही आवाज तिथेच तुटला होता. पण समोर मावशींचे ओठ हलतच होते.

बाईंनी एक कान उघडा केला. हेडफोन थोडासा बाजूला.

मावशी गात होत्या.

हेडफोन परत कानावर. नाही. बाजूला. आहे. कानावर. नाही. मावशी थांबल्या, तर बाईंनी घाईघाईने हाताने खूण केली, गा, गा, परत. मावशी परत गायल्या. या वेळी बाईंनी डब्यावर बोट ठेवलं, मला नजरेने विचारलं आणि पहिलं बटण स्वतः फिरवलं, हळू, डावीकडे. मी त्यांचे डोळे बघत होते. दिवा हिरवाच राहिला. ओळ संपून खोलीत नुसता भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज उरला, तो सुद्धा हेडफोनमध्ये आला असणार, कारण बाई दचकून घड्याळाकडे बघायला लागल्या.

मग त्या हसायला लागल्या. बिनआवाजाचं हसणं, खांदे गदगदतायत, डोळ्यांतून पाणी. माझा कान धरून चांगला पिळला. आणि मग बहिणीकडे वळून टाइप केलं, पण मोबाइल मावशींच्या हातात न देता त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. काय लिहिलं होतं मला माहीत नाही. मावशींनी ते वाचलं आणि मोठ्याने वाचलं नाही. नुसतं "चल, काहीतरीच" म्हणाल्या आणि आत चहा टाकायला गेल्या. चहा यायला फार वेळ लागला.

१६ तारीख, शनिवार

मी इथे थांबायला हवं होतं. पण मला गप्प बसवत नाही.

बाई म्हणतायत, मंगळवारचं रद्द, मला काही झालेलं नाही. बंदी झुगारून बोलायला लागल्या. आणि मी काल घरी आल्यावर मूळ रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐकलं, आनंदाने, आणि मग मला 'काठाला' या शब्दावर एक खरखर ऐकू आली. बारीकशी. कापडावर नख ओढल्यासारखी. प्रत्येक वेळी त्याच शब्दावर. दरवान तिथे नाहीच. ती खरखर गळ्यातलीच.

आता हे काय? मी एक खोटं खोडून काढलं आणि त्याच धडाक्यात एक खरंही झाकलं तर? मामाला विचारलं. तो म्हणाला, "जे ऐकू येतं ते सांग. एकदा झाकून काय झालं ते पाहिलंस."

सांगितलं. बाईंच्या घरी जाऊन वाजवूनही दाखवलं, बाईंनी ऐकलं. "ती? ती पहिल्यापासून आहे. त्या शब्दावर मी नेहमीच घासते."

"खोटं," मावशी म्हणाल्या. "ऑपरेशनच्या आधी नव्हती."

"तुला काय माहीत?"

"आता मला नाही माहीत म्हणतेस? कालच कळलं ना तुला, कोण ऐकत होतं ते."

बाईंनी तोंड फिरवलं. मग माझ्यावर उखडल्या. "तुला एवढी शंका आहे तर डॉक्टरांना ऐकव! जा! त्यांना वेळ असेल तर. ते गळे बघतात, गाणी ऐकत नाहीत. मी सोमवारी गाणार आहे, त्या डब्याशिवाय."

मी गेले. मला जा म्हटलं की मी जातेच. दवाखान्यात काउंटरवरच्या बाईंनी मूळ रेकॉर्डिंगचा पेनड्राइव्ह दोन बोटांत धरला. "इथे रिपोर्ट घेतो. गाणी नाही."

"हा रिपोर्टच आहे."

"कुठल्या लॅबचा?"

"तळघराचा," मी म्हटलं, आणि आमच्या बाईंचं सगळं प्रकरण, दरवान, किटली, मावशी, खरखर, रांगेतले पेशंट ऐकतायत तरी, धडाधड सांगितलं. मागे एक माणूस घशाला पट्टी बांधून बसला होता तो म्हणाला, "घ्या हो, घ्या, मलाही ऐकायचंय." शेवटी काउंटरवरच्या बाईंनी पेनड्राइव्ह ड्रॉवरमध्ये टाकला. ड्रॉवर असा बंद केला की तो परत उघडेल असं मला वाटत नाही.

उद्या रविवार. परवा सोमवार, आणि लगेच मंगळवार. बाई जाणार नाहीत म्हणतायत. त्यांनी जावं की न जावं, मला काही कळत नाही. पहिल्यांदाच मला दुसरीकडे कुठे जावंसंही वाटत नाही.

१८ तारीख, सोमवार

घाईत लिहितेय, बाई आत पाणी पितायत.

दरवान कपाटात. बाई माइकसमोर, मावशी शेजारी, आज सुया खाली ठेवून नुसत्याच बसल्यात आणि हात कुठे ठेवायचे ते त्यांना समजत नाहीये. वरची घरघर चालूच. मी म्हटलं, "बाई, यंत्रांचा आवाज येतोय, वर जाऊन परत सांगून बघू?" तर म्हणाल्या, "असू दे. बाळं काय शांत घरात झोपतात?"

आज दोन अंगाया झाल्या, पूर्ण, अगदी पार विझेपर्यंत. हेडफोन त्यांनी घातले नाहीत. होडीची शेवटी ठेवलीय. 'काठाला' येणार म्हणून मी आत्तापासूनच मुठी आवळून बसलेय. त्याही, मला वाटतं. सकाळपासून दोनदा विचारलं, दवाखान्यातून काही फोन? नाही म्हटलं की "मला काय त्याचं" म्हणतात.

बेल वाजली. थांब.

आले. दारात एक मुलगी होती, माझ्याहून फार तर आठ-दहा वर्षांनी मोठी, एका हातात हेल्मेट, दुसऱ्या हातात माझा पेनड्राइव्ह. मी म्हटलं, आज रेकॉर्डिंग चालू आहे, नंतर या. ती म्हणाली, "माझ्या काउंटरवर भांडून गेलात त्या तुम्हीच ना?"

मी डॉक्टर म्हणजे पांढऱ्या मिशांचा कुणी म्हातारा धरून चालले होते. कशावरून, देव जाणे.

"ती खरखर मागच्या टाक्याची आहे," त्या म्हणाल्या. "वण आहे तिथे. जाणार नाही, पण वाढणारही नाही. आवाज मधेच जातो म्हणून मी आत बघणार होते, आणि तो तर जातच नाही. उद्याच्या यादीतून त्यांना काढलंय." मग त्या जराशा अडखळल्या, हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं. "हे फोनवरही सांगता आलं असतं. पण तो गळा मी शिवलाय, आणि त्यांना समोर गाताना कधी ऐकलं नाही. उशीर झाला का?"

मी त्यांना बूट काढायला लावून माझ्या खुर्चीत बसवलंय. काचेपलीकडे बाई ग्लास ठेवून उभ्या राहिल्यात, पदर सारखा करतायत. त्यांना अजून माहीत नाही कोण आलंय.